जुन्या फोनचा गोरिलाशी काय संबंध?

‘जुना मोबाइल रिसायकलिंगला दिला, तर जंगलातल्या प्राण्यांना त्याचा काय उपयोग?’ असं तुम्ही नेहमी विचारता. उपयोग आहे, पण फोन कधी देता यावर बरंच अवलंबून आहे.

फोनच्या सर्किट बोर्डवर टँटलम या धातूचे बारीक कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे भाग) असतात. टँटलम मिळतं कोल्टन या खनिजातून, आणि कोल्टन पूर्व काँगोत काहुझी-बिएगा राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातही सापडतं. ग्राउअर ही गोरिलाची उपजात फक्त पूर्व काँगोतच उरलीय. २००० साली टँटलमचे भाव कडाडले आणि हजारो माणसं खणायला उद्यानात शिरली. नुसत्या खड्ड्यांनी झाला नसता एवढा नाश या माणसांचं पोट भरण्यात झाला. गोरिला आणि हत्ती मांसासाठी मारले गेले.

आता अडचणीची बाजू. बोर्ड तांब्याच्या भट्टीत वितळवले की तांब्याबरोबर सोनं, चांदी, पॅलेडियम हाती येतं. टँटलमचं मात्र ऑक्साइड होतं आणि ते मळीत, म्हणजे भट्टीतल्या टाकाऊ थरात, निघून जातं. म्हणजे फोन चालू आहे तोवरच त्यातलं टँटलम कामाचं. म्हणून दुरुस्ती करून तो दुसऱ्याच्या हातात जाणं हे वितळवण्यापेक्षा केव्हाही चांगलं; त्याला नवा फोन लागला नाही, तर तेवढं नवं टँटलमही खणावं लागत नाही. ड्रॉवरमध्ये चार वर्षं पडलेल्या फोनची बॅटरी पार उतरते, कधी फुगून स्क्रीन उचलते, अपडेट बंद झालेले असतात. मग भट्टीच उरते. नवा फोन घेतलात की त्याच आठवड्यात जुना द्या.

देण्याआधी फोटो-नंबरांचा बॅकअप घ्या, सिम आणि मेमरी कार्ड काढा. नंतर गूगल किंवा ॲपल खात्यातून साइन आउट करा (आयफोनमध्ये ‘फाइंड माय’ही बंद करा) आणि शेवटी फॅक्टरी रीसेट. साइन आउट राहून गेलं, तर रीसेटनंतरही फोन तुमचाच पासवर्ड मागत बसू शकतो. असा लॉक झालेला चांगला फोन शेवटी सुट्या भागांसाठी फोडावा लागतो. चार्जर, केबलही सोबत द्या, त्यात तांबं असतं.

चिकटवलेली बॅटरी स्वतः उचकटू नका. सुटी निघत असेल तर तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावा. फुगलेली असेल तर चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. धातूपासून दूर, कोरड्या वाळूत ठेवा आणि देताना आधी सांगा. कचऱ्याच्या डब्यात तर कुठलीच नको. कचरागाडीत दाबली गेली की लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते.