लसीच्या कार्डासाठी आठ महिने

डेंटल हायजिनिस्ट म्हणून, म्हणजे दवाखान्यात रुग्णांचे दात साफ करणारी म्हणून, काम करायला लागून मला तीन वर्षं झाली. शिकताना सगळ्यात अवघड काय गेलं असं कोणी विचारलं, की त्यांना वाटतं मी शरीररचनेचा पेपर सांगेन, नाहीतर हिरडीच्या आत, डोळ्यांना न दिसणारं कीटण नुसत्या बोटांच्या जाणिवेवर शोधणं. ते अवघड आहेच. पण माझे आठ महिने खाल्ले ते कॉलेजच्या एका खिडकीने आणि एका कार्डाने. ते कार्ड माझ्याकडे कधी नव्हतंच.

लहानपणाबद्दल थोडक्यात सांगते, नाहीतर कार्ड का नव्हतं ते कळणार नाही. वडील प्यायचे. मी सात वर्षांची असताना आई निघून गेली. पुढे काही वर्षं आत्याकडे, मग मामाकडे, मग वसतिगृहात. दर वेळी एक पिशवी आणि मी. यातल्या कुठल्याही घरात माझा असा दात घासायचा ब्रश नव्हता. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. ती दुधाच्या कुठल्याही दाताची जागा घेत नाही, सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवते, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. माझी खालची डावीकडची किडली तेव्हा आत्या म्हणाली, "दुधाची आहे, पडेल आपोआप." पडली नाही. बाराव्या वर्षी काढावी लागली.

त्या दिवशी डॉक्टरांच्या आधी एका ताईंनी माझे बाकीचे दात साफ केले. प्रत्येक अवजार तोंडात घालण्याआधी त्या मला ते दाखवत होत्या, आता काय होणार ते सांगत होत्या. माझ्याबाबत काहीही करण्याआधी मला विचारतात, हे मला नवीनच होतं. त्या डॉक्टर नव्हत्या, हायजिनिस्ट होत्या, हे खूप पुढे कळलं.

प्रवेशाबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. मार्क बरे होते, मुलाखत झाली, यादीत नाव लागलं. एवढंच सांगेन, की 'हे क्षेत्र का निवडलं' या निबंधात सगळी कर्मकहाणी ओतू नका. मी पहिल्या मसुद्यात ओतली होती. वसतिगृहाच्या बाईंनी वाचून तीन पानांवर काट मारली आणि दाढेचा परिच्छेद तेवढा ठेवला. तोच पुरला.

पहिल्या तासाला मॅडमनी या व्यवसायाचा इतिहास सांगितला. अमेरिकेत ब्रिजपोर्ट गावात डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना रुग्णांचे दात साफ करायला शिकवलं आणि १९१३ मध्ये हायजिनिस्टांची पहिली शाळा काढली, तीही एका गॅरेजमध्ये. बाकीच्या मुली लिहून घेत होत्या, मी गॅरेजपाशीच अडकले. जिन्याखाली बसून गृहपाठ केलेल्या माणसाला असल्या गोष्टींचा धीर येतो.

आता खिडकी. पहिलं सत्र संपत आलं होतं. कृत्रिम जबड्यावर हात बऱ्यापैकी बसला होता. पुढच्या सत्रात खरे रुग्ण. त्याआधी प्रत्येकीने लसीकरणाची नोंद जमा करायची, अशी नोटीस लागली: गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारी कावीळ). आमच्या कामात रक्त आणि टोकदार अवजारं रोजची, त्यामुळे मागणी रास्त होती. बाकीच्या मुलींनी घरी फोन केले आणि दोन दिवसांत पिवळी पडलेली कार्डं घेऊन आल्या.

मी खिडकीवर जाऊन सांगितलं, की माझ्याकडे नाही.

"आईला विचारा. आया जपून ठेवतात."

"आई नाही."

"मग वडिलांना विचारा. घरात कुठेतरी असेलच."

कुठल्या घरात, असं विचारायचं तोंडावर आलं होतं. गिळलं. मागे रांग होती. (त्याच फॉर्मवर 'अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे' असाही रकाना होता. तिथे मी वसतिगृहाच्या बाईंचं नाव घातलं, तर 'नातं' या शब्दासमोर पेन थांबलं.)

महिनाभर शोधलं. शाळेने सांगितलं, एवढ्या जुन्या नोंदी ठेवत नाही. मामाने फोन उचलला नाही. शेवटी नऊ वर्षांनी आत्याला फोन केला. ती आधी रडली, मग म्हणाली, "तुझी आई गेली तेव्हा तुझ्या वडिलांनी तिची ट्रंक पेटवून दिली. त्यात असलं तर असेल बाई." मी खिडकीवर जाऊन एवढंच सांगितलं, की कार्ड हरवलंय. त्या मॅडम म्हणाल्या, "मग डुप्लिकेट आणा." कोणाकडून, ते त्यांनाही माहीत नसावं.

कोणीतरी सुचवलं, रक्त तपासून घे. गोवर, रुबेला, कांजिण्या वगैरेंसाठी शरीरात प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, सापडली की तो अहवाल कार्डाऐवजी चालतो. माझा चाललाही, एका दिवसात. हिपॅटायटिस बी साठी अँटी-एचबीएस नावाची चाचणी असते. तिच्यात १० किंवा त्याहून जास्त आकडा आला तर संरक्षण आहे असं धरतात. माझा ६४ आला. तपासणाऱ्या डॉक्टरांनी आणखी एक चाचणी केली होती, अँटी-एचबीसी. ती निगेटिव्ह होती. त्यांनी समजावून सांगितलं: आजार होऊन गेला असता तर ही दुसरी चाचणी पॉझिटिव्ह आली असती. फक्त पहिली पॉझिटिव्ह आहे, म्हणजे तुम्हाला लस मिळालेली आहे.

मी तिथल्या बाकावर जाऊन बसले. मला लस मिळाली होती म्हणजे कोणीतरी मला कडेवर घेऊन गेलं होतं. आणि ही लस एकदा देऊन भागत नाही. कोणीतरी तारीख लक्षात ठेवून मला पुन्हा नेलं असणार. वडील नक्कीच नव्हेत. आईबद्दल चांगलं म्हणावं असं मला त्याआधी काहीच माहीत नव्हतं.

हा कागद घेऊन मी जवळजवळ धावतच खिडकीवर गेले. मॅडमनी तो वरून खालपर्यंत वाचला आणि परत सरकवला. "डोसांची नोंद नाही ना. नोंदीशिवाय हा आकडा चालत नाही."

मी भांडले, तेही अगदी जोरात. रक्तात आहे ते खोटं आणि कागदावर आहे ते खरं का, असं काहीतरी बोलले. मागच्या मुलीने माझा दंड धरून बाजूला केलं.

त्या नियमात तथ्य आहे, हे मान्य करायला मला फार दिवस लागले. त्याच डॉक्टरांनी नंतर सांगितलं, की १० चा आकडा टिकाऊ संरक्षणाची खूण मानतात तो ज्याने सगळे डोस घेतल्याची लेखी नोंद आहे त्याच्याच बाबतीत. अर्धवट डोस झालेल्या माणसाचा आकडाही काही काळ वर असू शकतो, पण पुढे त्याचा भरवसा नाही. म्हणून नोंद नसेल तर सगळे डोस नव्याने घ्यायचे. आधी झालेले असले तरी जास्तीच्या डोसांनी अपाय होत नाही. डोस तीन: पहिला, मग एक महिन्याने दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी पुन्हा रक्ततपासणी. घाई केलेली चालत नाही. मी विचारून पाहिलं होतं.

शोधाचा एक महिना, डोसांचे सहा, चाचणीच्या आधीचा एक. माझी तुकडी रुग्णांवर काम करायला पुढे गेली आणि मी कृत्रिम जबड्यासमोर बसून राहिले. माझा राग आजही आहे तो नियमावर नाही. हीच नोटीस प्रवेशाच्या दिवशी हातात दिली असती तर सहा महिने पहिल्या सत्राबरोबरच सरले असते. पण कार्ड प्रत्येकीच्या घरी असणारच, असं गृहीत धरलेलं. त्या फॉर्मवर 'नोंद उपलब्ध नाही' असा चौकोनच नव्हता.

तेव्हा तुमचं कार्ड नसेल तर प्रवेशाची वाट पाहू नका. फॉर्म भरता त्याच आठवड्यात पहिला डोस घ्या. प्रवेश नाही झाला तरी लस वाया जात नाही. महिन्याच्या अंतराने दोनच डोसांत संपणारी लसही आता काही ठिकाणी प्रौढांना मिळते, तिची चौकशी करा. मला कोणी सांगितलं नव्हतं.

रिकाम्या महिन्यांचा एक फायदा झाला. ग्रेसी क्युरेट नावाची कीटण खरवडायची अवजारं असतात, दाताच्या प्रत्येक बाजूला वेगळं: ११-१२ दाढेच्या पुढच्या बाजूला, १३-१४ मागच्या. सगळ्या मुली त्यांत गोंधळतात. मी इतकी बसले होते, की डोळे मिटून पातीवरून बोट फिरवून सांगायची. अवजाराला धार लावायलाही तेव्हाच नीट शिकले. बोथट अवजाराने आपण जोर लावतो, मग मनगट जातं. मनगटाची काळजी पहिल्या दिवसापासून घ्या.

एक गोष्ट मधेच सांगायची राहिली. आम्ही आधी एकमेकींवर सराव करायचो. खुर्ची मागे झुकली आणि कोणाचा हात चेहऱ्याकडे आला, की मी दचकून मान फिरवायची. घरातली जुनी सवय. एकदा जोडीदारणीच्या हातातला प्रोब (हिरडी तपासायची बारीक सळई) खाली पडला. कारण न सांगता मी मॅडमना एवढंच म्हटलं, की मला आधी हात दाखवलेला बरा. त्यांनी पूर्ण वर्गाला तसंच करायला लावलं, माझं नाव न घेता. तुम्हालाही असं होत असेल तर सरावाच्या आधीच सांगा, कारण सांगावं लागत नाही. त्याच दिवशी जोडीदारीण माझे दात मोजून मोठ्याने तक्ता सांगत होती: "पस्तीस ठीक. छत्तीस नाही. सदतीस ठीक." दोन आकडी पद्धतीत छत्तीस म्हणजे खालची डावी पहिली दाढ. तिने लिहून घेतलं आणि पुढे गेली.

शेवटच्या चाचणीत माझा आकडा ६८० आला. तोही कागद एकदा परत आला, कारण प्रयोगशाळेने नुसतं 'पॉझिटिव्ह' छापलं होतं. अहवालावर आकडा, त्याचं एकक आणि रक्त घेतल्याची तारीख हवी, ती तिथेच उभं राहून तपासून घ्या. दुसऱ्या दिवशी दुरुस्त अहवाल नेला, तेव्हा खिडकीवरच्या मॅडमनी त्याला स्टेपलर मारला आणि विचारलं, "झेरॉक्स आणलीये ना?" या वेळी मी तीन आणल्या होत्या.