मॉनिटर १०२४ वरच अडकलाय?
नाशकात सिडकोला मामाकडे जुना व्हीजीए केबलवाला मॉनिटर आहे, त्याच्या पीसीवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली तर रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ च्या वर जाईचना, सगळी अक्षरं फताडी, मामा म्हणे "यापेक्षा विंडोज बरं होतं रे". अहो मॉनिटरने स्वतःची माहिती, म्हणजे ईडीआयडी, केबलमधून पाठवलीच नाही तर लिनक्स तरी काय करणार, सेफ काहीतरी धरून बसतं. टर्मिनलमध्ये आधी नुसतं एक्सरँडआर मारा, ही स्क्रीनची सेटिंग्ज दाखवणारी-बदलणारी कमांड, मॉनिटर ज्या पोर्टला जोडलाय त्याचं नाव कळतं. मग सीव्हीटी १९२० १०८० ही कमांड दिली की मोडलाइन, म्हणजे त्या रिझोल्यूशनच्या आकड्यांची ओळ, मिळते, ती एक्सरँडआरच्याच न्यूमोड या ऑप्शनने नोंदवायची, अ‍ॅडमोडने पोर्टला जोडायची आणि मग तो मोड लावायचा, स्क्रीन क्षणभर काळी होते, होऊ द्या. रीस्टार्टला सगळं उडतं म्हणून या ओळी होम फोल्डरमधल्या डॉट एक्सप्रोफाइल फाइलीत टाका. वेलँड या नव्या डिस्प्ले सिस्टीमवर मात्र हा जुगाड चालत नाही, लॉगिनला एक्सऑर्ग ही जुनीच निवडा.