तुम्ही विचारलेत म्हणून: गाडीला काळी फिल्म का नाही?

मला ल्यूपस, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांनी बळावू शकणारा आजार, आहे हे ठाऊक असलेले इंदूरमधले आप्तस्नेही उन्हाळा लागला की विचारतात, "डॉक्टरांची चिठ्ठी असताना गाडीच्या काचांना काळी फिल्म का लावून घेत नाही?" कारण त्या चिठ्ठीला आपल्या कायद्यात जागाच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 100 प्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार जावा लागतो. त्यातच 27 एप्रिल 2012 रोजी अविषेक गोयंका यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने काचेवर वरून चिकटवलेल्या काळ्या फिल्मला, ती कितीही फिकट असली तरी, मनाई केली. सवलतीची वाट राहिली ती झेड आणि झेड प्लस सुरक्षेपुरती. अमेरिकेतील अनेक राज्यांत वैद्यकीय प्रमाणपत्रावर परवानगी मिळते, आपल्याकडे नाही.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट अशी की मला काळोख नको आहे, अतिनील किरण अडायला हवे आहेत. साधी काच त्यांतील यूव्ही-बी किरण अडवते. 315 ते 400 नॅनोमीटरचे यूव्ही-ए मात्र बाजूच्या काचेतून बऱ्याच प्रमाणात आत येतात. समोरची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर घालून केलेली असल्याने ती त्यांना जवळजवळ पूर्ण रोखते. म्हणजे धोका बाजूने आहे. सकाळी उज्जैनला जाताना पूर्वेचे ऊन उजवीकडून येते आणि संध्याकाळी परतताना पश्चिमेचेही उजवीकडूनच, त्यामुळे दोन्ही वेळा मी डावीकडे, मागच्या आसनावर, घट्ट विणीच्या लांब बाह्या घालून बसते. अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून फिल्म किती काळी आहे यावरून ती किती यूव्ही-ए अडवते हे कळत नाही, आणि जवळजवळ रंगहीन फिल्मही ते काम उत्तम करू शकते.

2024 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने 70 आणि 50 टक्क्यांची मर्यादा पाळणाऱ्या सेफ्टी ग्लेझिंगला, म्हणजे आतल्या बाजूला प्लास्टिकची फिल्म असलेल्या काचेलाही, मुभा असल्याचे म्हटले. पण तो निकाल हातात घेऊन इथल्या चौकात चालानवरून वाद घालण्याइतकी ताकद प्रत्येक रुग्णात नसते.

शिवाय पारदर्शक उपाय सर्वांना पुरत नाही. एरिथ्रोपोएटिक प्रोटोपोर्फिरिया या आजारात डोळ्यांना दिसणारा जांभळा-निळा प्रकाशही त्वचेला असह्य वेदना देतो. काळ्या काचांआड गुन्हे घडतात, ही न्यायालयाची चिंता मला पूर्णपणे मान्य आहे, विशेषतः स्त्री म्हणून. तरीही सुरक्षेसाठी नोंदणीकृत अपवाद करता येत असेल, तर शासकीय वैद्यकीय मंडळाने तपासलेल्या रुग्णासाठी तो गाडीच्या आरसीवर नोंदवून का करता येऊ नये? परिवहन मंत्रालयाने हा नियम लिहावा, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

तोवर नवी गाडी घेणाऱ्या रुग्णांनी शोरूममध्ये बाजूच्या काचेचे दोन आकडे स्वतंत्रपणे मागावेत: दिसणारा प्रकाश किती आत येतो आणि यूव्ही-ए किती अडतो. कंपनीतूनच बसवून आलेली, नियमात बसणारी अशी काच मिळते.