आमची वाटचाल: माणूस थबकतो तिथं पाटी

सोलापुरात वडिलांचं पेंटरचं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या, ट्रकचे नंबर, निवडणुकीच्या भिंती. खडू लावलेलं सूत दोन टोकांना ताणून मध्ये टिचकी मारायची. जी रेघ उमटेल ती शिरोरेषा. मग फ्लेक्स आला आणि ब्रश वाळले. मी कर्ज काढून प्लॉटर, म्हणजे संगणकावरून अक्षरं कापणारं मशीन घेतलं, रेडियमची चिकट अक्षरं कापू लागलो.

२०१९ मध्ये सोलापूर विद्यापीठाच्या नावात पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आलं. संलग्न कॉलेजांच्या पाट्यांवर दोन शब्दांच्या जागी पाच बसवायचे, बोर्ड मात्र तेवढाच. दहा फुटांवरून वाचायला एक इंचाचं अक्षर, हा धंद्यातला ठोकताळा. पण तो इंग्रजी कॅपिटलचा. आपल्याकडं वर वेलांटी, खाली उकार; आम्ही दीडपट धरतो.

त्यातूनच एका कॉलेजच्या चार मजली इमारतीचं अख्खं काम मिळालं. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये घेताना रफार सरकला आणि ‘विद्यार्थी कक्ष’चं ‘विद्याथीर् कक्ष’ झालं. चौदा पाट्या भिंतीवर चढल्यावर शिपाई म्हणाला, "मालक, ह्यातला रफार उडालाय की." सगळ्या पाट्या पदरमोड करून पुन्हा केल्या. आता आई चष्मा लावून प्रत्येक प्रूफ वाचते; ती निवृत्त शिक्षिका, आम्हाला सोडत नाही.

खरी गंमत बाणाची. परीक्षा विभाग तळमजल्यावरच, सरळ पुढं. आम्ही वर टोक केलेला बाण लावला, तर पोरं जिना चढायला लागली! रखवालदार वैतागला. मग प्रवेशाच्या दिवसांत दोन दिवस त्याच्याच खुर्चीशेजारी बसलो. जो जिथं थबकेल तिथं फरशीवर खडूची फुली. दारातल्या आमच्या भल्यामोठ्या नकाशाजवळ तीनच फुल्या. जिन्यापाशी मात्र फरशी पांढरी झाली. पाट्या तिथं हलवल्या, पाच तर काढूनच टाकल्या. बिल कमी झालं. वडील म्हणाले, "असा धंदा करतात होय रे?" वर जायचं असेल तिथं आता बाणाऐवजी पायऱ्यांचं चित्र आणि मजल्याचा आकडा असतो.

ब्रेल पाट्याही करतो. पहिल्या कामात त्या दारांवर चिकटवल्या होत्या. एका अंध विद्यार्थिनीनं विचारलं, "दादा, दार दिवसभर उघडंच असतं. मी पाटी शोधायची कुठं?" त्याच संध्याकाळी सगळ्या उचकटल्या आणि दाराच्या मुठीच्या बाजूला, भिंतीवर लावल्या.