१८० अंश ४१ मिनिटं: म्हाताऱ्याचा आजार सापडला एकदाचा

सापडलं राजेहो, सापडलं! मागच्या वेळी रडगाणं गायलो होतो ना, की आपल्या लाकडी थिओडोलाइटचा, म्हणजे कोन मोजायच्या यंत्राचा (तोच आपला म्हातारा), त्रिकोण काही केल्या मिटत नाही, तीन कोनांची बेरीज १८० अंश येतच नाही, ते भूत काल रात्री साडेअकराला उतरलं. बायको म्हणाली, "मंग झोपा आता." झोप कुठची!

स्टेशनं, म्हणजे मोजायच्या जागा, तीच, शाळेची गच्ची, कापसाच्या जिनिंगची गच्ची आणि टेकडीवरचा झेंडा. शाळेवरून कोन ७१ अंश १२ मिनिटं, जिनिंगवरून ४८ अंश २६, टेकडीवरून ६१ अंश ३. बेरीज करा, १८० अंश ४१ मिनिटं. हा आकडा मी गेल्या तीन आठवड्यांत इतक्या वेळा पाहिला की कॅलेंडरवर पण तोच दिसते. ४१ मिनिटं म्हणजे काय थोडकं काम नाही, दीड किलोमीटरवर १८ मीटरचा घोळ, अख्खं घर इकडचं तिकडं. अन् गंमत म्हणजे पुन्हा मोजलं की पुन्हा तेवढंच. हात चुकत असता तर आकडा कधी इकडं कधी तिकडं गेला असता, हा मात्र गड्यासारखा एका जागी ठाण मांडून बसलेला.

पहिला संशय ट्रायपॉडवर. ऑनलाइन घेतलेला अॅल्युमिनियमचा, फोटोत लय दणकट दिसत होता, इथं वारा सुटला की ओळंबाच डोलायला लागते. कोणी घेत असाल तर घेऊ नका, फोटो काढायला ठीक आहे, कोन मोजायला नाही. आमच्या सुताराकडून सागवानाचे तीन पाय करून घेतले, पाणसळ लावून बसवले, एकदम खांबासारखा उभा. बेरीज? १८० अंश ४०. मग संशय भाच्यावर, तो व्हर्नियर (अंशाचे बारीक भाग वाचायची पट्टी) वाचताना शेजारच्या रेघेवर जाते म्हणून. त्याला बाजूला बसवून मी एकट्यानं वाचलं, तेच. पोट्टं दोन दिवस बोललं नाही माझ्याशी, त्याचं बरोबरच होतं.

मग वाटलं हवा असेल. सकाळचे नऊ वाजून गेले की कपाशीच्या वावरावरून हवा अशी थरथरते की टेकडीवरचा झेंडा दुर्बिणीत नाचल्यासारखा दिसते. जुन्या काळचे सर्व्हेवाले पण यापायी रात्री निळे दिवे पेटवून निरीक्षण करत, म्हणून आम्ही तिन्ही ठिकाणी एलईडी टॉर्चला निळा जिलेटिन कागद बांधला. दिसायला काय झकास दिसलं म्हणून सांगू! आख्ख्या गावात चर्चा. एक आजोबा काठी टेकत आले अन् म्हणाले, "एवढं मोजून रायले, कोनाच्या वावराचा धुरा सरकवता काय बाप्पा?" फरक पडला दोन मिनिटांचा फक्त.

पृथ्वीच्या गोलाईमुळं कोनांची बेरीज वाढते हे डोक्यात येऊन गेलं, कबूल करतो. पण ती वाढ साधारण २०० चौरस किलोमीटरच्या त्रिकोणाला १ सेकंद. दोनशे वर्षांपूर्वी त्रिकोणांनी हिंदुस्थान मोजायला निघालेल्या लॅम्बटनचे त्रिकोण मोठे म्हणून त्याला हिशोबात घ्यावी लागायची, आमचा त्रिकोण एक चौरस किलोमीटरचा पण नाही. स्वतःलाच हसू आलं.

सुटलं ते असं. काल संध्याकाळी भाच्याची समजूत काढायला त्याला तंजावरचा किस्सा सांगत होतो, मुलांना कार्यक्रमात सांगतो तोच. १८०८ साली लॅम्बटनचा तो अर्धा टनाचा थिओडोलाइट, लंडनच्या कॅरीनं बनवलेला, तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटला अन् यंत्र भिंतीवर आदळलं, अंशांच्या रेघांचं वर्तुळ वाकडं झालं. दुसरा कोणी असता तर काम बंद करून विलायतेला पत्र लिहीत बसला असता. यानं काय केलं, मोठ्या सपाट फळीवर मूळ मापाचं वर्तुळ कोरलं, त्यात वाकलेलं वर्तुळ ठेवलं अन् पाचरी, स्क्रू, लाकडी हातोडी असं करत करत ते पूर्वीच्या आकारात ओढून आणलं. सहा आठवडे. भाचा ऐकून म्हणते, "मामा, मंग आपलं वर्तुळ गोल आहे कशावरून?"

अरे बाप्पा. तीन आठवडे मी बाहेर चोर शोधत होतो.

लगेच वर्तुळ अर्धा फेरा फिरवून शाळेचा कोन पुन्हा घेतला. ७१ अंश १२ चा झाला ७० अंश ५२! खुणा तेवढ्याच, माणूस तोच, फक्त वर्तुळाची दुसरी बाजू वापरली तर २० मिनिटं गायब. वर्तुळ गोलच होतं, पण मधलं भोक मधोमध नव्हतं. पंख्याचं ६२०२ बेअरिंग बसवायला ३५ मिलिमीटरचं भोक मी हँड ड्रिलनं घरी पाडलं होतं, ते सव्वा मिलिमीटर सरकलेलं. नागपूरचा लेझर कटिंगवाला रेघांसोबत भोकही पाडून देतो म्हणत होता, दीडशे रुपये जास्तीचे. मी वाचवले ते. त्या दुकानानं दोन वेळा तारीख पुढं ढकलली तो राग वेगळा, पण हे पाप माझंच.

इलाज सोपा आहे अन् दोनशे वर्षं जुना आहे. मध्य सरकला की एका बाजूचा आकडा जितका वाढते तितकाच बरोबर समोरच्या बाजूचा घटते, म्हणून मोठ्या थिओडोलाइटवर समोरासमोरच्या सूक्ष्मदर्शकांतून वाचन घेत. आम्ही समोर दुसरा व्हर्नियर चिकटवला, दोन्हींची सरासरी काढली. शाळा ७१ अंश २, जिनिंग ४८ अंश ११, टेकडी ६० अंश ५०. बेरीज १८० अंश ३ मिनिटं! सागवानाच्या पायांवर, पंख्याच्या बेअरिंगवर, ३ मिनिटं. वर्तुळाखालचा कमर्शियल प्लाय मात्र बदलणार, पहिल्या पावसात फुगला होता अन् अजून एका कडेनं फुगलेलाच आहे.

आता २० जानेवारीच्या मुलांच्या कार्यक्रमाचं. लॅम्बटन १८२३ ला याच तारखेला नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला वारला. १८०२ ला मद्रासजवळ पहिली बेसलाइन (त्रिकोणाची जमिनीवर मोजायची बाजू) मोजून निघालेला माणूस आपल्या इथं येऊन थांबला, अन् नाव शिखराला लागलं त्याच्यामागून आलेल्या एव्हरेस्टचं. पोट्ट्यांना एव्हरेस्ट पाठ आहे, हिंगणघाटचं विचारलं की कापूस सांगतात. मी ३० स्लाइड बनवल्या होत्या. आता वाटते त्यातल्या पाच ठेवाव्या, अन् दुसऱ्या व्हर्नियरवर काळी चिकटपट्टी लावून यंत्र मुलांच्या हाती द्यावं. करू द्या त्यांना पण १८० अंश ४१. भांडू द्या एकमेकांशी. अर्ध्या तासानं पट्टी काढायची.

अन् हे लिहिता लिहिता सुचलं, बेसलाइनसाठी पोलादी टेप का? उन्हात ती २५ अंशांनी तापली तर ३० मीटरला ९ मिलिमीटर वाढते, ते समजावण्यात अर्धा तास जाईल. त्यापेक्षा सर्व्हेसाठी तिबेट चोरून मोजणाऱ्या नैनसिंहसारखं पावलांनी मोजू! १८६६ ला तो यात्रेकरूच्या वेशात ल्हासाला पोचला तेव्हा जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते, शंभर पावलं झाली की एक मणी. शाळा ते जिनिंग चौदा मणी तरी सरकतील. म्हणजे आधी माळेनं अंतर, मग कोन, मग टेकडीचं अंतर कागदावर काढायचं. टेप फक्त शेवटी, कोण किती चुकलं ते पाहायला. पंधरा माळा लागतील, आठ-आठ मणी काढायचं काम भाच्याकडं.

एक भानगड बाकी आहे. शेजारच्या काकूंनी तक्रार केली होती की गच्चीवर दुर्बीण लावून हा माणूस आमच्या घरात पाहते. तेव्हाच्या सर्व्हेवाल्यांवर पण लोक हाच संशय घेत, म्हणून मला आतून थोडं भारीच वाटलं, पण काकूंना हे कसं सांगणार. आज बोलावून त्यांनाच डोळा लावायला सांगितला. दोन भिंगांची साधी दुर्बीण, सगळं उलटं दिसते. त्यांनी बराच वेळ पाहिलं अन् म्हणाल्या, "माझ्या मिरच्या आभाळाला काहून लटकल्या?" उद्या दोन मैत्रिणींना घेऊन येते म्हणाल्या.