पम्याला आठवत नाही

माळा आवरताना क्रिकेटची ट्रम्प कार्डं सापडली. फोटो काढून पम्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "मी हे कधी खेळलोच नाही रे. दुसरं कोणीतरी असेल."

तेव्हापासून कशात लक्ष नाही.

दुसरं कोण असणार? लालबागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर, मे महिन्याच्या दुपारी समोर पम्याच असायचा. कार्डं निम्मी निम्मी वाटायची, वरचं कार्ड बघून आकडा बोलायचा, ज्याचा मोठा त्याला दोन्ही कार्डं. हॅडली हातात आला की पम्या जोरात ओरडायचा, "विकेट, ४३१!" आणि माझ्याकडे कपिल निघायचा. ४३४. तीन विकेटसाठी तो रडकुंडीला यायचा. हे कसं विसरतं माणूस?

ॲलन बॉर्डरचं कार्ड तर हुकमी. कसोटी १५६, धावा ११,१७४. विकेट मात्र ३९, तेव्हा तेवढं सोडून काहीही बोला. झेलही १५६! हे छापताना चुकलंय म्हणून पम्याच कार्ड घेऊन खाली स्टेशनरीवाल्याकडे गेला होता भांडायला. चूक नव्हती, आकडा खराच होता. त्या कार्डाच्या कोपऱ्याला घडी पडली होती, त्यामुळे उलटं ठेवलं तरी बॉर्डर कोणाकडे आहे ते कळायचं. ती घडी अजून आहे. बोट फिरवून पाहिलं.

२००५ मध्ये लाराने बॉर्डरच्या धावा मागे टाकल्या, त्या रात्री मला पहिला पम्या आठवला होता. त्याला मी कधी आठवलो असेन का? नको, हे असलं मनात आलं की वाईट वाटत राहतं.

त्या वर्षी त्यांच्या घरी जे चाललं होतं... जाऊ दे. काकूंचं नाव काढलं की तो अजून विषय बदलतो.

संध्याकाळी जरा शांत झाल्यावर वाटलं, कार्डं माझी होती. डाव संपला की रबर लावून मी ती घरी न्यायचो. तो रिकाम्या हाताने वर जायचा. त्याने कशाला लक्षात ठेवायचं? त्या वर्षातलं जे विसरता येईल ते त्याने विसरलेलंच बरं, आणि त्यात जिन्यावरच्या दुपारीही गेल्या असतील तर जाऊ देत. मला पाठ आहेत. रविवारी तो येणार आहे, तेव्हा कार्डांचा विषय मी काढणार नाही.

वाईट वाटायचं ते वाटतंयच.