आबांचा पाऊस आमच्या गॅलरीवरून जातो

४ मे २०२४, पोर्ट ब्लेअर

"आई, सूर्याची लाईट गेली!" मनू गॅलरीतून ओरडली तेव्हा घड्याळात सहासुद्धा वाजले नव्हते. लातूरला या वेळी गल्लीतली पोरं क्रिकेटचा दुसरा डाव मांडत असतात. इथं साडेपाच-पावणेसहाला सूर्य बुडतो आणि सकाळी पाचच्या आत वर येतो. देशाचं घड्याळ मिर्झापूरच्या वेळेवर चालतं आणि बेट त्याच्या दहा अंश पूर्वेला, त्याला कोण काय करणार. बँक मात्र तिच्याच वेळेला उघडते. त्यामुळे रोज एक अख्खी रिकामी सकाळ माझ्याकडे पडून असते. बदली होऊन आल्यापासून ती मी लोळण्यात घालवली. आता तिला मालकीण मिळाली आहे.

आमचं घर सध्या तीन पिनकोडांत राहतं. मी इथं, मनूचे बाबा पुण्यात, आणि शाळेमुळे मनू लातूरला आजी-आबांजवळ. चौथीची परीक्षा झाली, भाऊ तिला हैदराबादपर्यंत घेऊन आला आणि तिथून मी. विमानात खिडकीची जागा मिळूनही बाईसाहेब झोपल्या होत्या.

रात्री फोन लावला. नात नीट पोचली का, हे आबांनी दुसरं विचारलं. पहिलं विचारलं, "पडायलाय का तिकडं?"

७ मे

तिकडं आज मतदान. आबांनी शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला. मागे विहीर दिसते, आणि विहिरीचा तळही दिसतो. गेल्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. हा आकडा आबांना पाठ आहे, कारण त्याच ऑगस्टात त्यांचं सोयाबीन फुलात असताना माना टाकून बसलं.

आमच्याकडेही नळाला आज पाणी होतं. म्हणजे काल नव्हतं, परवाही नव्हतं. मनूला वाटलं मी गंमत करते आहे. समोर खिडकीभर समुद्र आणि स्वयंपाकघरात बादल्यांची रांग. पोर्ट ब्लेअरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, लातूरच्या जवळजवळ चौपट. पण मोठी नदी नाही, उतार तीव्र, पडलं की समुद्रात. शहराची भिस्त मुख्यतः धनीखारी धरणावर, आणि जानेवारी ते एप्रिल आभाळ जवळपास कोरडं. मे उजाडेपर्यंत धरणही हात वर करतं.

पण मी जिला समजावत होते ती लातूरची आहे हे विसरून चालणार नव्हतं. पहाटे उठून पिंप, कळशा, पातेली, शेवटी माझा प्रेशर कुकरसुद्धा तिने भरून ठेवला. शेजारच्या बंगाली काकींना हिंदीत शिकवलं की धुण्याचं पाणी संडासाला आणि भाज्यांचं पाणी कुंडीला. काकी म्हणाल्या, "बेटी मेनलैंड में इतना पानी है, फिर भी ऐसे करती हो?" मेनलँडबद्दल इथल्या लोकांच्या काही कल्पना फार मोठ्या आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं तेव्हा ही वर्षाची होती. त्या पाण्याने हिला न्हाऊ घातलंय. काकींना हे सांगितलं तर त्या बराच वेळ माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

११ मे, शहीद द्वीप

जुनं नाव नील. २०१८ मध्ये बदललं, पण जेट्टीवर सगळे नीलच म्हणतात. पर्यटकांचं हॅवलॉक सोडून इथं आलो ते बरं केलं. हे शेतकऱ्यांचं बेट आहे. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना इथं वसवलं, आणि गावांची नावं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. अंदमानच्या बाजारातली बरीच भाजी इथून बोटीने येते. मनूने पहिला तास समुद्राकडे पाठ करून भेंडीच्या वाफ्यात काढला. "आबांच्यापेक्षा बारीक आहे," हा तिचा निकाल.

नुकतीच अमावस्या होऊन गेली, त्यामुळे ओहोटी मोठी. दुपार उतरल्यावर लक्ष्मणपूरच्या खडकांवर गेलो. दगडी कमान आहे तिथं, लोक तिला हावडा ब्रिज म्हणतात. पाणी मागे हटलं की खडकांत डबकी उरतात आणि प्रत्येक डबक्यात एकेक संसार मांडलेला. समुद्रकाकड्या, निळे तारामासे, शंखात घर थाटून पळणारे खेकडे. एका स्थानिक मुलाने मनूला सांगितलं की भरती-ओहोटी रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून उद्या याच वेळी आलीस तर इतकं पाणी हटलेलं नसेल. ते तिने वहीत लिहून घेतलं. मी दहा वेळा सांगितलेलं ती असं लिहून घेत नाही.

तिला पोहता येत नाही. मलाही नाही. गुडघाभर पाण्यात आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या होतो आणि कोण कुणाला धरतंय ते सांगणं कठीण होतं.

कालची अक्षय तृतीया आमरसाविना गेली. इथं आंबा मेनलँडहून येतो आणि त्याचा भाव ऐकून मनू म्हणाली, "राहू दे, आजी साखरआंबा ठेवते."

१४ मे

काल रात्री पलंग हलला. दोन-तीन सेकंद, फार तर. मी मनूला उचललं आणि जिना उतरून रस्त्यावर. खाली गेल्यावर कळलं, अख्ख्या इमारतीतून फक्त आम्ही उतरलो होतो. किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आधी, तेव्हा मी मनूएवढीच होते. तो विसर्जनानंतरचा दिवस होता, माणसं दमून गाढ झोपली होती. आमच्या घराची एक भिंत गेली, माणूस गेलं नाही. एवढंच मी आजवर तिला सांगितलं होतं. रस्त्यावर बसून आणखी थोडं सांगितलं.

काकी वरून म्हणाल्या, हलकासा होता, वर या. जोराचा आला तर मात्र खाली थांबायचं नाही, टेकडीकडे चालायचं. इथल्या लोकांच्या अंगात हे भिनलेलं आहे. आम्हाला घराची भीती, यांना समुद्राची.

आज सुट्टी टाकून वंडूरला निघालो. वाटेत सिप्पीघाटला मी बस सोडली आणि मनूला रस्त्याकडेचं पाणी दाखवलं. लांबवर पसरलेलं खारं पाणी, मधे नारळाचे वाळके बुंधे, कडेने वाढलेली खारफुटी. २६ डिसेंबर २००४ पर्यंत इथं भातशेती होती. त्या दिवशीच्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन सुमारे मीटरभर खचली आणि उत्तर टोकाची उचलली गेली. त्सुनामीची लाट आली आणि गेली, पण इथलं पाणी गेलं नाही, कारण जमीनच समुद्राच्या पातळीखाली गेली होती. रोजची भरती आता शेतात येते.

मनू कठड्याला टेकून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "सातबारा कुणाच्या नावावर आहे?"

मला हसू आलं आणि पुढच्याच क्षणी ते गेलं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेलं पोर दुसरं काय विचारणार. जेलमध्ये, संग्रहालयात, चॅथमच्या लाकूडगिरणीत गाइड लोक जे सांगतात त्यातलं काहीही या प्रश्नाइतकं नेमकं नव्हतं. पाण्याखालच्या जमिनीची नोंद कशी ठेवतात? कर्ज असेल तर त्याचं काय होतं? मी बँकेत काम करते, मला हा प्रश्न आधी पडायला हवा होता असं कुणी म्हणेल. पडला होता. पण मला तो फाईलसकट पडतो.

१६ मे

सेल्युलर जेल. मराठी पाहुणे आले की मी इथं येतेच, त्यामुळे माझं पाठ झालंय: १८९६ ते १९०६ बांधकाम, ब्रह्मदेशातून आणलेल्या विटा, सात बाजूंपैकी आता तीनच उभ्या. सावरकरांची कोठडी बघून मनू गप्प झाली, तिथं सगळेच होतात. पण तिला खरं खटकलं ते वेगळंच. एकाही कोठडीच्या दारातून समोरच्या कोठडीचं दार दिसत नाही. "म्हणजे खुणासुद्धा करता यायच्या नाहीत." मग, "बाबाराव इथंच होते ना? सख्खा भाऊ?" हो म्हटलं. यावर ती घरी येईपर्यंत बोलली नाही, आणि आल्यावर बाबांना फोन लावून अर्धा तास फालतू गप्पा मारल्या.

१९ मे, रविवार

आला! हवामान खात्याने जाहीर केलं: निकोबार बेटं, दक्षिण अंदमान समुद्र, मालदीवचा काही भाग, मान्सून दाखल. लहानपणापासून ही बातमी मी पेपरच्या पहिल्या पानावर वाचते आहे. "मान्सून अंदमानात" एवढ्या दोन शब्दांवर आमच्याकडे बियाण्याच्या दुकानात गर्दी व्हायची. आता मी ज्या गावात राहते तिथं ही बातमी कुणी वाचतसुद्धा नाही. इथं आठवडाभर सरी येतच होत्या. भाजीवाल्याला विचारलं तर म्हणाला, बारिश तो चालू है मैडम, आप को आज पता चला?

मनूला हे अजिबात पटलं नाही. पाऊस येतो म्हणजे कधीतरी नक्की येत असला पाहिजे. मग केरळात मान्सून आला असं कधी म्हणायचं त्याचा नियम वाचून दाखवला: १० मेनंतर ठरलेल्या चौदा केंद्रांपैकी साठ टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस हवा, शिवाय वारे पश्चिमेचे आणि पुरेशा उंचीपर्यंत हवेत. ऐकून ती उठली, पाण्याची बाटली कापली, वरचा भाग उलटा खोवून नरसाळं केलं, बुडाशी खडे, बाहेरून कंपासपेटीतली पट्टी चिकटवली. गॅलरीच्या कठड्याला सुतळीने बांधून टाकलं. हे चौथीच्या पुस्तकात आहे म्हणे.

संध्याकाळी आबांना आकडा सांगितला गेला. एरवी माझ्याशी दोन मिनिटांत "बरं, ठेवतो" म्हणणारे आबा नातीशी वाऱ्याची दिशा या विषयावर किती वेळ बोलत होते कोण जाणे. मी मधून फोन मागितला तर दोघांनीही दिला नाही.

२५ मे

रोहिण्या निघाल्या आणि बंगालच्या उपसागरात वादळ. रेमाल नाव. बोटी बंद, जेट्टीवर अडकलेल्या प्रवाशांची वळकट्यांसह वस्ती. मनूची बाटली दुपारीच काठोकाठ भरली, म्हणजे आकडा बाद. तिने चिडून दुसरी, मोठी बाटली कापली.

खरं राजकारण फोनवर. आबा म्हणतात, हे वादळ आपलं पाणी ओढून बंगालला न्यायलंय. हे तिला इतकं लागलं की तिने आज काकींच्या घरचा संदेश, म्हणजे त्यांची बंगाली मिठाई, नाकारला. काकींना कारण कळल्यावर त्या पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, त्यांच्या बहिणीचं घर सुंदरबनाच्या बाजूला आहे, हवं तर वादळ तुम्हीच घेऊन जा. मग मनूने संदेश खाल्ला. दोन खाल्ले.

१ जून

मान्सून परवा केरळात पोचला. सामान भरायला घेतलंय. शंख-शिंपल्यांची पिशवी निघाली, चांगली जड. इथून परवानगीशिवाय ते नेता येत नाहीत, विमानतळावर सामान तपासतात. रागावेल असं वाटलं होतं, पण तिचा हिशेब वेगळाच: "नाही तरी खेकड्यांना घरं कमी पडतील." किनाऱ्यावर जाऊन पिशवी ओतून आलो. बाटली मात्र सोबत जाणार. ती नेण्यावर बंदी नाही, हे तिने दोनदा विचारून घेतलं.

११ जून

मनू जाऊन आठवडा होत आला. शाळा पंधराला, तोवर ती आबांबरोबर शेतावर. बाटली गोठ्याच्या खांबाला बांधली आहे.

आज दोघांचा फोन आला तो भांडणासकट. तिकडं मृगाने सुरुवात चांगली केली आहे. आबांना उद्या पेरायचं आहे. मनूच्या बाटलीत आजवरची बेरीज बावन्न मिलिमीटर, आणि पंच्याहत्तर ते शंभर झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी खातं दरवर्षी कंठशोष करून सांगतं, हे तिने कुठून तरी शोधून काढलंय.

आबा म्हणाले, "मातीत हात घालून बघितलंय मी. वाफसा आहे. मृगाच्या पेऱ्याला पट्टी लावत नसतात."

"मागच्या साली लावली असती तर?"

"मागच्या साली पेरताना पाऊस होता बाई, नंतर गेला. तुझ्या बाटलीला नंतरचं कळतंय का?"

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून तिने मला मधे घेतलं. मी म्हटलं, दुबार पेरणीला बँक पुन्हा पैसे देताना काय काय विचारते ते आबांना माहीत आहे, मी वेगळं सांगत नाही. आबा फणकारले, बाटलीला एक नि बँकेला एक, दोन दोन साहेब झाले म्हणाले. शेवटी गुरुवारपर्यंत थांबायचं ठरलं. ठरलं म्हणजे आबांचा ट्रॅक्टरवाला गुरुवारशिवाय मोकळा नाही, हे आईने मागून ओरडून सांगितलं. मनूला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे, कारण ती बियाण्याच्या पोत्यावर चढून बसली होती आणि तिथून उतरायला तयार नव्हती.